बातमीच्या आधी आलेली भाकरी

सुधाकर,

तुझ्या शोकसभेत मला पुढच्या रांगेत बसवलं नाही, ते बरंच झालं. मागून कुणी बोललं की लोकांना माना वळवाव्या लागतात. त्या दिवशी इंदापुरात अख्ख्या सभेनं माना वळवल्या. तू असतास तर एका कोपऱ्यात गालात हसत, कुणाचा चेहरा कसा झाला ते बघत बसला असतास.

तू कुठं जन्मलास, कुठं शिकलास, कोणत्या पेपरांना बातम्या दिल्यास, ते तुझ्या आठवणींच्या या अंकात बाकीच्यांनी लिहिलं असेल. मला त्यात गोडी नाही. मी चौथीपर्यंत शाळा पाहिलेला कळसचा शेतकरी. अंकवाल्यांनी एक जण धाडला होता. म्हणाला, "तात्या, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहून घेतो." म्हटलं, "मला हात न्हायत का?" तर हे माझ्या हातचं आहे. त्यांनी काना-मात्रा बघावी. शब्द हलवला तर माझ्याशी गाठ आहे.

तू पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आलास तेव्हा नामदेवाला जाऊन थोडेच दिवस झाले होते. नामदेव माझा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं त्यानं, माझ्याच घरात होता. त्याचं प्रेत पाटात सापडलं. पंचनाम्यात आलं की दारूच्या नशेत पाय घसरला. नामदेव चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायचा. तो दारू कसली पितोय! डोक्याला मागून खोक पडली होती, ती म्हणे दगड लागून. आमचा शेजारी सर्जेराव, गावचा पुढारी, त्याला आमच्या रानातनं पाइपलाइन न्यायची होती आणि नामदेवानं कोर्टातनं मनाई आणली होती, हे गावातलं शेंबडं पोर सांगू शकत होतं. सांगत मात्र कुणी नव्हतं.

अशात तू लुनावरनं आलास. चढाला दोन्ही पाय जमिनीला घासत. आमचं कुत्रं भुंकलं तर गाडीवरनं उतरेनास. मी बाजेवर बसून बघत होतो.

"आजोबा, कुत्र्याला आवरा की!"

"त्येला माणूस वळखू येतंय. कोण हायसा?"

"बातमीदार."

"मग भुंकू द्या त्येला."

त्या दिवशी मी तुला प्यायला पाणी दिलं, बाकी काही दिलं नाही. परत आलास. परत काही दिलं नाही. एकच प्रश्न तू फिरवून फिरवून विचारायचास आणि मी फिरवून फिरवून उसाकडं बघायचो. आमच्या हौसालाच तुझी दया आली. "अवो, सांगून टाका की त्या पोराला," म्हणाली. म्हटलं, "पोरगं दिसतंय व्हय तुला? वकिलाचा बाप हाय त्यो."

पण तुझं एक मला आवडलं होतं. बाकीचे आले ते म्हणायचे, "नामदेवराव कसे गेले?" तू म्हणालास, "नामदेव कसा होता?" मी तुला काही सांगितलं नाही, पण तू गेल्यावर हौसाला दिवसभर नामदेवाच्याच गोष्टी सांगत बसलो. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव परत घ्यायला लागलो.

मग भिगवणला सापडलास. मी पाहुण्यांना रेल्वेत बसवून देऊन स्टेशनाबाहेर आलो तर तू. हाताला धरून खानावळीत नेलंस. चिलापीचं कालवण मागवलंस आणि तुला काटे काढता येईनात. बारामतीत राहणारा माणूस, उजनीचा मासा खाता येत नाही, आणि निघालाय खुनी शोधायला! मीच तुझ्या ताटातला मासा सोलून दिला. आणि कसं कोण जाणे, मासा सोलता सोलता तोंडातनं निघून गेलं.

हा अंक लांबचेही वाचतील म्हणून सांगतो. आमच्याकडं ज्या घरात मयत होतं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणतं आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. तुमच्या बौद्ध वस्तीतही तो असतो, आमच्यातही असतो.

त्या दिवशी सकाळी नामदेव घरात नव्हता. माळेगावला कारखान्यात आमचे पाहुणे कामाला आहेत, तिकडं गेला असंल असं आम्ही धरून चाललो होतो. मी अंगणात दाढी करत होतो. हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. आणि गोदामावशी दारात आली. सर्जेरावची आई. एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात पिठल्याचं पातेलं, डोळे सुजलेले. पातेलं उंबऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "किसन, झालं त्ये काय आपल्या हातात न्हाय बाबा. दोन घास खावून घ्या."

माझ्या तोंडाला साबण. मी हसलो. "मावशे, कोण मेलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग आत बघितलं. चूल जळत होती. जळती चूल बघितली आणि म्हातारीच्या तोंडावरचं रक्त उतरलं. भाकरी पातेल्यावर ठेवल्या आणि माघारी गेली. आम्हाला वाटलं, वयानं भ्रमली. उन्हं चांगली वर आली तेव्हा पाटावरचा माणूस पळत सांगत आला.

खानावळीत हे ऐकलंस आणि तोंडाशी नेलेला घास तू ताटात ठेवलास. तुझा चेहरा असा उजळला होता की मला तुझा राग आला.

"तात्या, हा पुरावा आहे."

"ही भाकरी हाय."

"अहो, तुम्हाला कळायच्या आधी तिला कळलं होतं. कुणाकडून कळलं?"

"कुणाकडनं त्ये मला ठावं हाय. आता तुला बी ठावं झालं. मिटलं."

"कोर्टाला कुठं ठाऊक आहे?"

"कोर्टानं तिच्या हातचं खाल्लंय का?"

खानावळवाला आमच्याकडं बघायला लागला, इतके आपण भांडलो. तुला वाटलं मी सर्जेरावला भितो. अजून तुला तेच वाटत असलं तर ऐक. आमची आई गेली तेव्हा नामदेव लहान होता. मी रानात, बाप रानात. गोदामावशीच्या चुलीपुढं नामदेव आणि सर्जेराव एका ताटात जेवले. ती भाकरी तिनं काही झाकायला आणली नव्हती. लेकानं पहाटे घरात येऊन सांगितलं, तिला वाटलं आम्हाला कळलंच असंल. आपण वाढवलेल्या पोराच्या घरी चूल पेटली नसंल, म्हणून रडत रडत तिनं पिठलं घोटलं. तिचा जीव चांगला होता म्हणून ती चुकली. आणि तेच धरून तिला पिंजऱ्यात उभी करायची? मी तुला बजावलं, "म्हातारी जित्ती हाय तवर ह्यो शबूद छापायचा न्हाय." तू मान हलवलीस. मनातनं हलवली नव्हतीस, मला दिसत होतं. पण तू शब्द पाळलास. या तालुक्यात दिलेला शब्द किती जण पाळतात ते मी बघितलंय, म्हणून तुझं हे मी मोठं मानतो.

भाकरी सोडून बाकी सगळं तू छापलंस. खोक छापलीस, पाइपलाइन छापलीस, नामदेव दारूला शिवत नव्हता हे चार माणसांच्या तोंडून छापलंस. मग तुला पेपरच्या मालकांनी बोलावून घेतलं आणि तू बाजारभाव लिहायला लागलास. तेव्हा माझ्याकडं येऊन म्हणालास, "तात्या, माझी बातमी मेली." मी म्हणालो, "तुझी बातमी मेली, माझा भाव मेला. कुणी कुणाची समजूत काढायची?" दोघं हसलो. असलं हसणं दुसऱ्या कुणाबरोबर मला जमलं नाही.

गोदामावशी गेली आणि त्यानंतर तुझी कादंबरी आली. एका बातमीदाराची, एका लहान गावातल्या खुनाची. लोक एसटीत वाचायचे, दुकानात वाचायचे, शेवटाला खुनी कळला की एकमेकांना सांगू नका म्हणायचे. मी शब्दाखाली बोट ठेवून वाचणारा माणूस. मला खुनी पहिल्या पानापासून ठाऊक. तरी मला घोर लागला, की आता हा सापडतोय का निसटतोय! ही तुझी कमाल. बाकी थापा पुष्कळ मारल्यास. तुझा बातमीदार उंच, जीपमधनं फिरणारा, कुत्र्यावर नुसती नजर टाकली की कुत्रं गप. मी वाचताना हौसा म्हणाली, "ह्यो आपल्या सुधाकरसारखा न्हाय वाटत." म्हटलं, "सुधाकरला जसं व्हायचं हुतं तसा हाय." आणि मला तू पांढरी दाढी लावलीस, आणि रडवलंस. पानापानाला धोतराचा सोगा डोळ्याला. मी तुझ्यापुढं कधी रडलो रे?

ते मी सोडून दिलं असतं. पण शेवट वाचला आणि पुस्तक काखेत मारून तडक बारामतीला तुझ्या घरी आलो. शेवटी म्हातारी कोर्टात उभी राहते, भाकरीची गोष्ट सांगते, आणि लेकाच्या हातात बेड्या पडतात.

"कादंबरी आहे तात्या ती," तू म्हणालास.

"व्हय ना? गाव बदललंस, नावं बदललीस, मला दाढी लावलीस. मग भाकरी का न्हाय बदललीस?"

"भाकरी बदलली असती तर उरलं काय असतं?"

 उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो, हे तुला ठाऊकच आहे. "मेलेल्या बाईला कोर्टात उभी करायचा तुला काय अधिकार?"

तू आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "ती उभी राहिली नसती, हे कशावरून?"

मी टोपी घेतली आणि निघालो. तुझी शैला चहाचा कप घेऊन फाटकापर्यंत मागं आली, मी थांबलो नाही. त्यानंतर तू निरोप धाडलेस, मी उत्तर दिलं नाही. मी हट्टी आहे. तू कमी नव्हतास. "शेवट चुकला" एवढं म्हणाला असतास तर मी आलो असतो. तू म्हणाला नाहीस, आणि आता मला कळतंय की म्हणाला असतास तर माझ्या मनात तुझा मान राहिला नसता.

कारण शेवट चुकला नव्हता.

जे तुला सांगितलं नाही ते आता सांगतो. नामदेव गेल्यावरच्या उन्हाळ्यात मी बैलांपुढं उसाचं वाढं टाकत होतो, तेव्हा गोदामावशी बांधाबांधानं आली. पायात काही नाही. सावलीलासुद्धा बसली नाही. म्हणाली, "किसन, मला कोर्टात ने."

मी म्हणालो, "कशाला?"

"कशाला त्ये तुला ठावं हाय. पोरगं पहाटं आलं, कापडं भिजल्याली. मी इचारलं तर म्हणालं, नामदेव गेला. मी सांगते जजाला."

"तुझ्या पोटचा हाय त्यो."

"आन् नामदेव कुणाच्या ताटात जेवला?"

सुधाकर, मी न्हाय म्हणालो. म्हणालो, "मावशे, मला न्याय पायजे. पर तुझ्या तोंडनं नको." ती म्हणाली, "मला वझं हुईल आसं वाटतंय का तुला?" मी म्हणालो, "तुला वझं हुईल. त्या घरात तुला मरायचं हाय." ती गेली. परत कधी आमच्या दारात आली नाही आणि मीही गेलो नाही.

हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. म्हणाला असतास, तात्या, खुनी तुम्ही सोडलात. होय, सोडला. आजही तसंच करीन. आईनं लेकाला फासाकडं ढकलायचं आणि मी ते बघत न्याय मिळाला म्हणायचं, असल्या न्यायावर नामदेवसुद्धा थुंकला असता. तुला हे पटलं नसतं. तू माझ्याशी भांडला असतास, आणि भांडायला तू नाहीस याचा मला संताप येतोय. लोक म्हणतात, तात्या, दुःख आवरा. दुःख मी आवरीन. संतापाचं काय करू?

तू माणसं न बघता माणसं लिहायचास. गोदामावशीशी तू एकदाही बोलला नव्हतास. तरी तुला कळलं की ती उभी राहील. कसं कळलं, हे विचारायला मी यायला हवं होतं का? नाही आलो. पण आपल्या दोघांतला तो एक प्रश्न मी तुझ्या बाजूनं सोडवून टाकतो. म्हातारी खरी, बेड्या खोट्या.

तू गेलास त्या दिवशी एसटीडीवाल्याकडं निरोप आला. हौसानं काही न विचारता पीठ मळायला घेतलं. मी ओरडलो, "आदी नीट इचारून घे, खरंच गेलाय का." ती म्हणाली, "निरोप तुमीच आणलाय न्हवं?" मी पुन्हा बूथवर गेलो, पुन्हा विचारलं, आणि मगच आम्ही भाकरी घेऊन बारामतीला आलो. तुझ्या दारात वंदना चालू होती. शैलानं एक घास खाल्ला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तात्या, ही बातमीनंतर आली ना?" त्या दुःखातसुद्धा ती तुझीच बायको होती.

आता सभेचं. या भागात कुणी मेलं की सभा होते, आणि सभा म्हटली की अध्यक्ष सर्जेराव. पांढरे कपडे, मोठा आवाज. म्हणाला, "सुधाकरराव म्हणजे कल्पनेचे बादशहा! कुठनं सुचायचं त्यांना! त्यांचं पुस्तक आता मिळत नाही. नवी आवृत्ती मी स्वतः काढतो. फक्त उगाच कुणाचा गैरसमज नको, म्हणून पहिल्या पानावर एक ओळ छापू, की यातलं सगळं काल्पनिक आहे."

टाळ्या पडल्या. शैला पुढं बसली होती. तिला कुणी बोला म्हटलंच नव्हतं. मला मागनं तिची पाठ दिसत होती, ताठ झालेली.

मी उठलो. "काल्पनिक न्हाय."

"तात्या, बसा," सर्जेराव माइकमधनं म्हणाला. "तुमी दुःखात हायसा."

"इतकी वर्षं दुःख बसूनच केलं. आज हुबा ऱ्हातो."

कुणीतरी माझा सदरा ओढला. मी तो हात झटकला आणि जेवढं बोलायचं तेवढं बोललो. "नामदेव माझा भाव. त्येचा खून झाला. त्यो मेल्याचं आमास्नी कळायच्या आदी त्येचा कडू घास माझ्या उंबऱ्यात आला. त्यो मी ह्या तोंडानं खाल्लाय. पुस्तकातली भाकरी खरी हाय. पयल्या पानावर छापायचंच आसंल तर ह्ये छापा."

कुणाच्या घरनं आला ते मी म्हणालो नाही. म्हणायची गरज पडली नाही. माझ्याकडं वळलेल्या माना परत तिकडं वळल्या, स्टेजकडं. मग शैला उठली आणि माइक नसताना म्हणाली, "ती ओळ छापायची नाही. पुस्तक परत नाही निघालं तरी चालेल." तुला एवढंच सांगायला खरं तर मी हे लिहायला बसलो.

सभा कशीबशी संपली. मी चपला शोधत होतो तर सर्जेरावनं त्याची माणसं पुढं पाठवली आणि एकटा माझ्याजवळ आला. मला वाटलं दम देणार. त्यानं आवाज बारीक केला. "तात्या, आई तुमच्याकडं आलती का कदी? त्या भाकरीनंतर?"

"आलती."

"काय म्हणाली?"

बघ सुधाकर, इतकी वर्षं त्या माणसाला पोलिसाची भीती नव्हती, कोर्टाची नव्हती, तुझ्या पुस्तकाची नव्हती. त्याला ही एकच भीती होती. मी नाही सांगितलं असतं तर तो जन्मभर कुढत बसला असता. पण मला लपवाछपवी जमत नाही.

"म्हणाली, मला कोर्टात ने, मी सांगते. मीच न्हाय म्हणालो. सर्जा, तू बाहीर फिरतोयस त्यो तुझ्या वकिलामुळं न्हाय. किसननं सोडलाय तुला. तुझ्यासाठी न्हाय, तिच्यासाठी."

तो जीपच्या दाराला धरून उभा राहिला. मी चपला घालून एसटी स्टँडकडं निघालो.

आता अंकवाले म्हणतात, तात्या, सर्जेरावांचं नाव तेवढं काढूया. उगाच अब्रूनुकसानीचा दावा लावतील. मी म्हणालो, एक अक्षर काढायचं नाही. सुधाकरनं नावं बदलली, ती त्याची कादंबरी होती. माझी ही काही कादंबरी नाही. तू माझ्या भावाला दारुडा म्हणून मरू दिलं नाहीस, आणि तुला मी थापाड्या म्हणून मरू देणार नाही. लावू दे दावा. तारीख पडली की मी येतो. या खेपेला कोर्टात उभं राहून सगळं सांगायला माझ्या आड कुणाची आई येत नाही.

तुझा,
किसनतात्या
कळस